डोळे भरणारा चाकू

मी एक जुना चाकू आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कोणाला भोसकण्यासाठी जन्मलो नाही, आणि भाजी चिरण्यासाठीही नाही. मी डोळे भरायचा चाकू आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी फळझाडांच्या रोपवाटिकेत कामाला असेल त्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांना सांगतो. रानटी लिंबाचे रोप मुळाने पक्के असते, पण त्याचे फळ कडू. गोड संत्र्याचे झाड चांगले, पण मुळाने नाजूक. म्हणून रानटी रोपाच्या सालीला छोटी चीर देतात आणि तिच्यात गोड झाडाचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद सरकवतात. वरून पट्टी बांधतात. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर मेला. एवढेच माझे काम. दोन परक्या झाडांची गाठ घालून द्यायची.

एका लोहाराने मला ट्रकच्या तुटक्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवले. तो प्रत्येक पाते स्वतःच्या डाव्या हातावर घासून बघायचा, त्यामुळे त्या हातावर एकही केस उरलेला नव्हता. माझी मूठ शिंगाची आहे. मुठीच्या टोकाला हाडाची एक पातळ पट्टी आहे, साल सोडवण्यासाठी. मला पाहून लोहार म्हणाला, "याच्यानं दाढी होईल." त्याच्याकडून एवढी स्तुती फार झाली.

माझा पहिला मालक रोपवाटिकेचा मुख्य कारागीर होता. त्याने आपल्या भाच्याला हाताखाली घेतले. तो भाचा म्हणजे माझा धनी, ज्याची ही गोष्ट आहे. मामाने त्याला वर्षभर मला बोट लावू दिले नाही. टाकाऊ फांद्या आणि एक बोथट चाकू देऊन बसवले. रोज तेच पाठ.

"खोल गेलास तर डोळा बुडेल. वरवर कापलंस तर सुकेल. सालीपुरतंच काप. आतल्या लाकडाला पत्ताही लागता कामा नये."

"मामा, पण कळणार कसं कुठवर गेलो ते?"

"कळत नाही तोवर फांद्या काप."

वर्षाने त्याने शंभर डोळे भरले, त्यातले ब्याण्णव लागले. मामाने पट्ट्या सोडून एकेक मोजले आणि घरी जाताना मला धन्याच्या खिशात टाकले.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी होती. धनी पुढे चीर द्यायचा आणि मागून एक मुलगी पट्ट्या बांधत यायची. ती शेजारच्या वाडीतून कामाला येत असे. धन्याचा हात इतका चपळ, की बिचारीची त्रेधा उडायची.

"अहो, जरा दमानं. मला हात दोनच आहेत."

"मग तिसरा माझा घे."

अख्खी ओळ खो खो हसली. ती लाल झाली, आणि पुढच्या दहा रोपांच्या पट्ट्या तिने इतक्या घट्ट आवळल्या की मामाने सगळ्या परत बांधायला लावल्या. त्या हंगामाच्या शेवटी त्यांचे लग्न झाले. पुढे चार वर्षे ती दोघे एकाच ओळीतून चालत राहिली, तो कापत, ती बांधत. बोलायची गरज पडत नसे. चिरेच्या आवाजावरून तिला कळायचे की डोळा नीट बसला.

मग युद्ध आले.

मित्रांनो, युद्ध का झाले ते मला विचारू नका. मी खिशात होतो. धन्याच्या नावाचा कागद आला. तालुक्याच्या कचेरीत एका डॉक्टरने त्याचे तळपाय पाहिले, दात मोजले आणि "पाय सपाट नाहीत, चला पुढे," म्हणून पायदळात घातले. बसच्या थांब्यावर बायको म्हणाली, "चाकू कशाला नेताय? तिकडं काय झाडं लावायचीत?"

"खिशाला सवय झालीय गं. नसला की पँट हलकी हलकी वाटते."

ती हसली नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली असणार, पण ते मला दिसले नाही.

युद्ध म्हणजे सतत धावाधाव, आरडाओरडा, असे तुम्हाला वाटत असेल. पायदळातल्या माणसाचा बहुतेक वेळ खणण्यात जातो. खंदक खणायचा, त्यात पाणी भरले की उपसायचे, मग तो सोडून पुढे जायचे आणि पुन्हा खणायचे. मोजे कधी वाळत नसत. मी डबे फोडले, पाव कापला, सुजलेल्या पायांतल्या बुटांच्या नाड्या कापल्या. एकदा मेलेल्या माणसाच्या पाठीवरून गोळ्यांची पिशवी सोडवायला तिचा पट्टा कापला. माझ्या टोकाला खाच पडली.

तुकडीत धन्याला सगळे "माळी" म्हणत. त्याचा जिवाभावाचा सोबती होता लांब्या. हा आधी न्हावी होता, आणि उंच इतका की हवालदार ओरडायचा, "लांब्यासाठी खंदक हातभर जास्त खणा रे, नाहीतर ह्याच्या डोक्यापायी आपण सगळे मरू!" लांब्या दर रविवारी आपल्या कातडी पट्ट्यावर मला धार लावून द्यायचा. म्हणायचा, "माळ्या, बारा वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, एकालाही ओरखडा नाही. आणि मला म्हणतात माणसं मार."

दुसऱ्या वर्षी आमच्या तुकडीने एका छोट्या गावाच्या कडेला मुक्काम टाकला. गाव शत्रूचे होते आणि जवळजवळ ओस पडलेले होते. खंदकासमोरच संत्र्यांची एक बाग होती. तिथे पोहोचल्याच्या दुपारी धनी त्या झाडांमधून फिरला. खाली वाकून प्रत्येक बुंध्यावरचा जोड बोटांनी चाचपत होता.

"लांब्या, हे बघ. कुठं भरलाय ते दिसतं का तुला?"

"मला झाड दिसतंय."

"जोड दिसतच नाही. मामाच्याही हाताला हे जमलं नसतं."

"शत्रूची तारीफ करतोस होय?"

"झाडाची करतोय."

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. झाडांमुळे पलीकडचे दिसत नाही, बाग तोडायची. करवतींची तुकडी परवा येईल. गावातली जी चारदोन म्हातारी माणसे अजून तळघरांत राहत होती त्यांनाही ते सांगण्यात आले. धनी त्या दिवशी जेवला नाही. लांब्याने त्याच्या वाटचा पाव खाल्ला आणि वर म्हणाला, "दुःख तू कर, पोट मी भरतो."

पुढच्या पहाटे दाट धुके होते. लांब्या पहाऱ्यावर होता. त्या धुक्यातून शत्रूची तीन माणसे झाडांआडून सरपटत आली आणि त्यांनी त्याला जागच्या जागी संपवले. लांब्याला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. खंदक त्याच्यासाठी हातभर जास्त खोल होता, पण तो उभा होता.

हवालदाराने सगळ्यांना गोळा केले. "आता नीट ऐका. धुक्यात काहीही हललं तरी एकदा थांब म्हणायचं. थांबला नाही तर गोळी. दुसऱ्यांदा विचारायचं नाही."

त्यानंतरची पहाट धन्याच्या पहाऱ्याची होती. धुके तसेच. झाडांमध्ये एक आकृती हलली. तिच्या काखेत काहीतरी लांब होते आणि हातात काहीतरी चकाकत होते.

"थांब! कोण आहे? थांब!"

आकृती वळली. चकाकणारा हात वर गेला. धन्याने गोळी झाडली. एकच.

धुके विरळ झाल्यावर तो आणि हवालदार तिथे गेले. एक म्हातारा पडला होता. डोक्याला लोकरीची टोपी, पायात शेतातले बूट. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काड्यांची मोळी होती. सगळ्या काड्या एका मापाच्या, पाने छाटलेली, प्रत्येक डोळ्याजवळ देठाचा बारीक तुकडा राखलेला, म्हणजे धरायला सोपे जाते. त्याच्या मुठीत माझ्याच जातीचा चाकू होता. मूठ लाकडाची, टोकाला हाडाची पट्टी, आणि वर्षानुवर्षे अंगठा ठेवून ठेवून पडलेला खळगा.

मित्रांनो, माझ्या धन्याला काही समजावून सांगावे लागले नाही. बाग तोडली जाणार हे कळल्यावर म्हातारा आपल्या झाडांचे डोळे न्यायला आला होता. झाड तुटले तरी डोळे जगतात. ओले ठेवले आणि आठवड्याभरात कुठल्याही रोपावर भरले, की तीच बाग पुन्हा उभी राहते.

"शाब्बास माळी," हवालदार म्हणाला. "हातात हत्यार होतं. काखेत बंदूक आहे असं कुणालाही वाटलं असतं."

"बंदूक नाही हवालदार. काड्या आहेत."

"काड्या तर काड्या. तू थांब म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो. आपल्या भाषेत."

हवालदार वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "हे बोलू नकोस कुठं. तुझ्याच भल्यासाठी सांगतो." कागदावर लिहिले गेले की एका सशस्त्र घुसखोराला टिपले. तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि लोकांनी धन्याची पाठ थोपटली. त्याच दुपारी करवती आल्या. संध्याकाळपर्यंत समोरचे सगळे स्वच्छ दिसू लागले.

धन्याने ती मोळी उचलून आपल्या पिशवीत ठेवली होती. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातले पाणी तो तिच्यावर शिंपडायचा. आम्ही रोज पुढे सरकत होतो, आणि कुठे एखादे रानटी रोप दिसते का ते तो बघत होता. सगळीकडे जळकी जमीन. नवव्या दिवशी त्याने मला उघडून एका काडीची साल खरवडली. आत तपकिरी. दुसरी खरवडली, तिसरी खरवडली. एकूण बासष्ट काड्या होत्या, त्याने सगळ्या खरवडल्या. मग मला मिटून खिशात टाकले, ते युद्ध संपेपर्यंत उघडले नाही.

कोण जिंकले ते तुम्हाला पुस्तकात मिळेल.

धनी घरी आला तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. बायको थांब्यावर उभी होती. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, हात, पाय, डोळे, सगळे जागेवर होते. तिने सुस्कारा सोडला. मामा तोवर वारला होता, त्यामुळे आता मुख्य कारागीर धनीच. हंगाम लागला. सालीत रस चढला. लांब्या गेल्यापासून मला धार नव्हती, ती धन्याने पुन्हा लावली आणि दोघे पहिल्यासारखी ओळीत उभी राहिली.

पहिल्या चिरेलाच मला कळले. मी सालीतून थेट लाकडात गेलो.

त्याचा हात थरथरत होता असे म्हणता येणार नाही. थरथरणारा हात धरता येतो. त्याचा हात अचानक जोर लावायचा, जणू समोरचे पळून जाईल. तो एकेका चिरेजवळ थबकायचा, श्वास घ्यायचा, आणि पुन्हा खोल. मागून बायको बांधत येत होती. तिला आवाज कळत होता. डोळा मेला आहे हे ठाऊक असूनही ती प्रत्येक पट्टी नीट, घडी न पडू देता बांधत होती. 

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. दोनशेंपैकी अकरा हिरवे.

रोपवाटिकेचा मालक समजूतदार होता. "होतं असं. हात बसेल पुन्हा." पुढच्या हंगामात सात लागले. त्यानंतर मालकाने त्याला पाणी घालायच्या कामावर ठेवले.  धनी आता फारसे बोलेनासा झाला होता. कोणाच्या हातून बादली पडली तरी तो जमिनीवर आडवा व्हायचा, मग उठून कपडे झटकायचा आणि कोणी पाहिले का म्हणून इकडे तिकडे बघायचा.

शेवटी बायकोनेच ठरवले. "मी कापते," ती मालकाला म्हणाली. "इतकी वर्षं बघतेय. येईल मला." आणि खरेच, तिला येत होते. पहिल्या आठवड्यात तिने भरलेले डोळे बहुतेक सगळे लागले. मला फार बरे वाटले. वाटले, चला, घर सावरेल.

एका सकाळी पाटाच्या पलीकडच्या झाडांवरून काड्या कापून ती ओळीतून परत येत होती. काखेत ओल्या गोणपाटातली मोळी, हातात मी, उघडा. सकाळचे धुके होते, फार नाही, गुडघ्यापर्यंत. धनी कुदळीने पाण्याची वाट मोकळी करत होता. त्याने मान वर केली.

"थांब!"

ती थांबली नाही. हसली, आणि मला धरलेला हात वर करून त्याला हाक मारली.

कुदळ तिच्या उजव्या हातावर बसली. मी चिखलात पडलो. त्यानंतर बराच वेळ मला फक्त तिचा आवाज येत होता. "अहो, मी आहे. मीच आहे. बघा तरी. मीच आहे."

दवाखान्याच्या बाकावर, तिचा हात फळीला बांधलेला असताना, त्याने तिला सगळे सांगितले. लांब्या, बाग, म्हातारा, बासष्ट काड्या. परत आल्यापासून तो एवढे कधी बोलला नव्हता.

"मी थांब म्हणालो होतो," तो म्हणाला.

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पण ते मला म्हणताय असं वाटलंच नाही."



तिचा हात जुळला, पण बोटे पूर्ण मिटेनात. पट्टी बांधता येईना, मग मला धरणे दूरच. आता ती त्याच रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरते, डाव्या हाताने. धन्याला ती शहरातल्या लष्करी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या कारकुनाने विचारले, "जखम कुठं आहे?" ती म्हणाली, "दिसत नाही." त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात तसा रकाना नव्हता. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. गोळ्यांनी धनी झोपतो, पण जागा झाला की तोच असतो.

मी घरात नको, असे तिला वाटू लागले. म्हणून तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक युद्धाच्या वस्तू मागायला आले तेव्हा तिने मला देऊन टाकले. त्यांनी एका जाड कागदावर सुंदर अक्षरात लिहिले, "शत्रूशी झुंजताना वापरलेले शस्त्र."

"गुरुजी, तसं नाहीये ते," ती म्हणाली.

"असू द्या हो. मुलांना स्फूर्ती मिळते."

ती माघारी वळली. दमली होती.

तेव्हापासून मी या काचेच्या कपाटात आहे. कपाट खिडकीजवळ आहे, आणि खिडकीतून हातपंपाचा ओटा दिसतो. मित्रांनो, त्या ओट्यावर दिवसभर जो माणूस बसतो, ज्याला तुम्ही "धप्प" म्हणता, तोच माझा धनी. बायको कामावर जाताना त्याला तिथे बसवून जाते, कारण घरात एकटा ठेवायची तिला भीती वाटते.

शाळा सुटल्यावर तुम्ही कागदाच्या पिशवीत हवा भरून त्याच्या मागे जाता आणि ती फोडता. तो धप्पकन आडवा होतो. तुम्ही हसता. मला इथून सगळे दिसते. तुमच्यातले दोघेतिघे हसत नाहीत, तेही दिसते.

तुम्ही लांबून बघता, म्हणून एक गोष्ट तुम्हाला दिसत नाही. पडताना तो आधी हात बाजूला लांब करतो. शेजारी जो असेल त्याला खाली ओढण्यासाठी. बहुतेक वेळा शेजारी कोणी नसते. त्या सोमवारी पहिलीतली एक मुलगी पाणी प्यायला आली होती. पिशवी फुटली आणि त्याने तिला ओढून अंगाखाली घेतले. डोके तिच्या डोक्यावर, पाठ वर. जे काही पडायचे ते आपल्या पाठीवर पडावे म्हणून. ती रडू लागली. मोठी माणसे धावत आली, आणि वेड्याने पोर धरली म्हणून त्यांनी त्याला त्या पंपाजवळच मारले. तो हलला नाही. मारायचे थांबले तेव्हाच त्याने तिला सोडले. पिशवी कोणी फोडली हे तुमच्यापैकी एकानेही सांगितले नाही.

चार दिवसांनी तो पुन्हा ओट्यावर आला. दुसरीकडे त्याला कुठे बसवणार?

तो बरा होईल असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. मला कोणी तेल लावले, धार दिली, तर मी अजून कापेन. त्याचे तसे नाही. तुम्ही त्याच्यासाठी काही करावे एवढे मोठे तुम्ही नाही, आणि जे मोठे आहेत त्यांच्या कागदात रकाना नाही. मी तुमच्याकडे फार मागत नाही. उद्या शाळा सुटल्यावर पंपापाशी पाणी प्यायचे असेल तर समोरून जा, म्हणजे तुम्ही त्याला दिसाल. आणि पिशवी फोडू नका.